दादांचा आवाज

भिवंडीत घर झाडणं म्हणजे एक गंमतच असते. सकाळी लख्ख झाडलं तरी दुपारपर्यंत कोपऱ्यात कापसाचे बारीक पुंजके जमतात. कारखाना घराच्या मागेच, त्यामुळे इलाज नाही. आमच्या घरातल्या किश्श्यांचंही तसंच आहे. मी काही बोलणाऱ्यातली नाही, पडघ्याहून लग्न होऊन भिवंडीतल्या टेमघरला आले ती गप्पच. पण गप्प बसणाऱ्याकडे सगळं साचत जातं. आणि त्या वर्षी तर आमच्याकडे चक्क कॅन्सर आला होता, म्हणजे किश्श्यांना काय तोटा!

*

माझ्या सासऱ्यांना सगळे दादा म्हणतात. पॉवरलूमचा कारखाना, त्यामुळे आवाज दणदणीत. मागांच्या खडखडाटात आयुष्यभर ओरडून भिवंडीत निम्म्या लोकांचे घसे बसलेले असतात. दादांचाही बसला होता, आणि त्याचं कुणालाच काही वाटत नव्हतं. "सीझन हाय, आरडावं लागतं," एवढंच.

लग्नाला पाचेक महिने झाले असतील. उरणहून नणंद, वैशालीताई, आली होती, म्हणून आमच्या लग्नाची सीडी लावली. सीडीत दादा आचाऱ्यावर ओरडत होते, "अरे भात कुठं हाय? पंगत बसली ना!" खणखणीत. तेवढ्यात खरे दादा सोफ्यावरून म्हणाले, "आवाज वाढव जरा." ते शेजारी बसलेल्या माझ्याशिवाय कुणाला ऐकूच गेलं नाही.

मी नवऱ्याच्या कानात म्हटलं, "अहो, सीडीतले दादा आणि हे दादा वेगळे वाटतात."

नीलेश म्हणाला, "सीडीत रंगच लावलाय सगळ्यांना."

पण दुसऱ्या दिवशी त्याने त्यांना डॉक्टरकडे नेलं. सासरी मी बोललेलं पहिलं लांब वाक्य हे असं!

*

तपासण्या झाल्या. गळ्याचा कॅन्सर निघाला. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये आम्ही चौघं गेलो. नीलेश दादांना घेऊन बाकावर बसला, आणि मी सासूबाईंबरोबर खिडकीपाशी रांगेत.

"पेशंटचं नाव?"

सासूबाई गप्प. नवऱ्याचं नाव उगाच कसं घ्यायचं? त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सून, सासऱ्यांचं नाव मी तरी कशी घेणार? मी त्यांच्याकडे पाहिलं. मागची रांग आम्हा दोघींकडे पाहायला लागली.

"मावशी, नाव सांगा लवकर!"

सासूबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला, घसा साफ केला आणि म्हणाल्या,

"कारखान्यात माग वाजतो खटखट खटखट,
जयवंतरावांचं नाव घेते, नंबर लावा झटपट!"

रांगेत टाळ्या पडल्या. खिडकीतल्या माणसाने मान वर न करता विचारलं, "आडनाव?"

*

डॉक्टर तरुण होते. त्यांनी कागदावर गळ्याचं चित्र काढून समजावलं. गाठ मधल्या टप्प्यातली, रस्ते दोन. एक म्हणजे शेक, रेडिएशन. दीड-दोन महिने रोज यायचं. गिळताना त्रास होईल, पण आवाज टिकण्याची आशा चांगली. मात्र गाठ पुन्हा उठली तर मग ऑपरेशनच. दुसरा रस्ता आधीच ऑपरेशन. स्वरयंत्र काढायचं, गळ्याला भोक ठेवायचं, श्वास तिथूनच घ्यायचा. गाठ जाण्याची खात्री जास्त, पण आवाज कायमचा गेला.

"आठवड्याभरात विचार करून सांगा."

दादांनी घोगऱ्या आवाजात विचारलं, "डॉक्टर, तुमचे वडील असते तर काय सांगितलं असतं तुमी?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "काका, माझे वडील माझं काही ऐकत नाहीत हो."

येताना गाडीने कल्याण फाटा गाठला. मग दादाच हसायला लागले. "खरा बोलला पोरगा!"

*

दादांची ताकीद होती, बाहेर कुणाला कळता कामा नये. कळलं की लोक भेटायला येतात, आणि आजारापेक्षा तेच जास्त होतं. पण मुकादम इस्माईलभाईंना सांगणं भाग होतं. उपचारांसाठी मुंबईच्या फेऱ्या घालायच्या तर कारखाना कोण बघणार?

दादांनी त्यांना मागांच्या मधोमध नेलं. तिथे इतका खडखडाट की शेजारच्यालाही ऐकू जात नाही. यापेक्षा गुप्त जागा भिवंडीत नाही! दादा इस्माईलभाईंच्या कानाला लागले आणि आहे नाही तेवढा जोर लावून ओरडले,

"किसीको बोलना नहीं! मेरेकू..."

आणि लाईट गेली. लोडशेडिंग! सगळे माग एकदम थांबले.

"...कॅन्सर हुआ है!"

अख्ख्या कारखान्याने ऐकलं. बाहेर रिक्षावाल्यानेही ऐकलं. संध्याकाळी ती बातमी धामणकर नाक्यावर होती.

*

मग लोक आलेच. कुणी म्हणे चाकू लागला की आजार पसरतो, कुणी म्हणे शेकाने माणूस आतून भाजतो. एकाने कुठल्याशा पाल्याचा रस आणला होता. तो कशाचा आहे हे सांगितलं तर गुण जातो म्हणे! मी चहाचे कप मोजायचं सोडून दिलं होतं.

सगळ्यांत शेवटी नाना आले, दादांचे लहानपणापासूनचे दोस्त. त्यांनी तासभर दादांना झापलं. "किती वेळा सांगितला तुला, बिडी सोड, बिडी सोड! आयकलास का?" बोलता बोलता डोळ्यांत पाणी आलं. मग नानांनी खिशातून बंडल काढलं, दोन बिड्या ओठांत धरल्या, एका काडीवर पेटवल्या आणि एक दादांना दिली. चाळीस वर्षांची सवय. दादांनीही घेतली!

सासूबाई दारातच होत्या. त्यांनी दोघांच्या हातातल्या बिड्या काढून चहाच्या बशीत विझवल्या.

"नाना, भेटाया आलाव का न्याया आलाव?"

*

निर्णय काही होईना. नीलेश म्हणायचा, ऑपरेशन करून एकदाच मोकळं होऊ. सासूबाई म्हणायच्या, गळ्याला भोक पाडून माणूस जेवणार कसा? मी दोघांनाही चहा देत राहायचे.

शेवटी दादांनीच ठरवलं, एक दिवस तोंड बंद ठेवून बघायचं. जमलं तर ऑपरेशन.

सकाळी ते कारखान्यात गेले. तिथे तर सगळे जन्मभर हातवाऱ्यांनी आणि ओठ वाचूनच बोलतात. दादांनी धागा तुटलेला दाखवला, एकाला पाणी आणायला पिटाळलं, एकाला डोळ्यांनीच दम दिला. दुपारी इस्माईलभाई घरी येऊन आम्हाला विचारतात, "सेठ आज बडे मूड में हैं, डॉक्टर ने क्या बोला?"

कुणाला पत्ताच नाही!

घरीही तेच. सासूबाई बोलत राहिल्या आणि दादा माना डोलावत राहिले. दुपारी त्या मला म्हणाल्या, "आज पयल्यांदा माझा बोलना पुरा झाला."

संध्याकाळी दादांनी खुशीत दोन बोटं वर केली. दुसरा रस्ता. ऑपरेशन. नीलेशने सुस्कारा सोडला.

तेवढ्यात दादांचा मोबाईल वाजला. त्यांनी सवयीने उचलून कानाला लावला. वैशालीताई होती. तिचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता.

"दादा? हॅलो? दादा, ऐकू येतंय का?"

दादांनी मान हलवली. हातही हलवला.

"दादा? ...रेंज नाही वाटतं." फोन कट.

दादा फोन हातात धरून बसून राहिले. सासूबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या. विस्तवावर काही नव्हतं, तरी गेल्या. मीही उठणार, तेवढ्यात घोगरा आवाज आला,

"शेक घेऊ."

*

शेकाचे दिवस वाईट होते, ते सगळे काही सांगत बसत नाही. गळा सोलला, वजन उतरलं, मधले काही दिवस आवाज पूर्णच गेला. तेव्हा आम्ही सगळे एकमेकांकडे पाहायचं टाळायचो. दादा पेज आणि थंड दूध यावर होते. वासाने त्यांच्या तोंडाला पाणी सुटू नये म्हणून घरात मासळी बंद. एकदा सासूबाई शेजारणीकडे जाऊन तळलेले बोंबील खाऊन आल्या. हात धुतले, तोंड धुतलं, वर पान खाल्लं.

दादांनी नुसता श्वास घेतला आणि बोटांनी खुणावलं, किती खाल्लेस?

सासूबाईंनी खरं तेच बोटांवर दाखवलं. दादांनी कपाळाला हात लावला. महिन्याभरात ते पहिल्यांदा हसले.

*

त्यानंतर काही महिन्यांनी मोठी तपासणी होती. गाठ गेली की राहिली, ते कळणार होतं. डॉक्टरांनी दादांच्या नाकातून बारीक कॅमेरा गळ्यात सोडला आणि सगळं समोरच्या टीव्हीवर दिसायला लागलं. सासूबाईंनी माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतली.

"काका, ईऽऽ म्हणा."

"ईऽऽ."

टीव्हीवर दोन पांढुरक्या पट्ट्या थरथरल्या. डॉक्टरांनी कॅमेरा थोडा फिरवून पुन्हा पाहिलं. मग म्हणाले, "स्वच्छ आहे. गाठ नाही. ह्या बघा तुमच्या स्वरतंतूंच्या पट्ट्या. आवाज इथूनच येतो."

नीलेश भिंतीला टेकला. माझे डोळे भरून आले. सासूबाईंनी माझा हात सोडला, टीव्हीजवळ गेल्या, चष्मा पुसून पुन्हा लावला आणि वाकून नीट पाहिलं.

"अवो, इतकुसं तर हाय! इतकुश्यातून तुमी जलमभर माझ्यावर आरडताव?"

दादांच्या नाकात नळी होती. डॉक्टर म्हणत होते, "काका, बोलू नका, बोलू नका..."

दादांनी उत्तर दिलं.

बाहेरच्या रांगेतला एक माणूस दार ढकलून आत डोकावला. "काय झालं हो? भांडण झालं का?"