भावाच्या ब्राउझरचं कुलूप

रविवार, होळीच्या आधीचा. भावाचं हुडकेश्वरचं घर. हजर: मी, माझी वहिनी आणि तिचा भाऊ. पुतणी परीक्षेसाठी धरमपेठेत गेलेली. संध्याकाळी ती यायच्या आत काम उरकायचं होतं.

माझा भाऊ मूत्रपिंडाच्या आजाराने गेला त्याला वर्षही झालं नव्हतं, आणि आता एकोणीस वर्षांच्या पुतणीचं बीपी चढू लागलं होतं. डॉक्टरांना तिच्या सोनोग्राफीशी ताडून बघायला बापाचे जुने रिपोर्ट हवे होते. ते होते दवाखान्याच्या वेबसाइटवर. भावाचं सिम बंद झालेलं, म्हणजे ओटीपी येणार नव्हता. पासवर्ड फक्त त्याच्या कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये, आणि ब्राउझर काही उघडेना.

क्लिक केलं की एकच मेसेज: हे प्रोफाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर वापरात आहे, म्हणून कुलूप लावलं आहे. पुढे त्या दुसऱ्या कॉम्प्युटरचं नाव. ते माझ्या भावाचं नाव होतं.

वहिनी मागे सरकली. "ताई, हे काहून असं दाखवून राहिलं? कोन वापरून राहिलं?"

"कोणी नाही. मशीनचं नाव बदललं का कोणी?"

तिचा भाऊ म्हणाला, "मीच बदललं. चालू केलं की भाऊजीचं नाव ये. माही बहीण रोज पाहून रडे. मी 'होम' करून टाकलं."

"मले न इचारता?" वहिनी म्हणाली.

"इचारलं असतं तर तू करू देल्लं असतं काय? जाऊ द्या ना ताई, सगळं उडवा अन् नवीन टाकू."

"नाव बदललं म्हणून ब्राउझरला हा दुसराच कॉम्प्युटर वाटतो आहे. उडवलं तर पासवर्डही जातील."

"मंग तू हात नोको लावू गा," वहिनी त्याच्यावर खेकसली.

भावाचा कॉम्प्युटर लिनक्सवर चालणारा; ऑफिसात आमचंही सगळं त्यावरच चालतं, म्हणून मला जमणार होतं. आधी प्रोफाइलचा अख्खा फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवला. मागे ब्राउझर चालू नाही ना, ते पाहिलं. मग त्या फोल्डरातल्या फक्त कुलपाच्या फाइली काढल्या. ब्राउझर उघडला, भावाच्या जुन्या टॅबसकट. एकात त्याने शोधलं होतं, 'डायलिसिसवर पोहे चालतात का'. वहिनीने तोंड फिरवलं.

रिपोर्ट उतरवले, डॉक्टरांना पाठवले. तासाभरात फोन आला. तोच आजार. बापाला ज्या टप्प्यावर सापडला होता त्याच टप्प्यावर मुलगी आज उभी आहे, आणि बापापेक्षा कितीतरी कमी वयात.

"तिले तुम्हीच सांगा, ताई. माह्यानं नाही होणार," वहिनी म्हणाली.

मी हो म्हटलं.

पुतणी आली ती दारातूनच ओरडत. "काय वं आत्या, आज इकडे कशी? पेपर मस्त गेला. भूक लागून राहिली जबरदस्त." मी तिला वाढलं. तिने भाताचा पहिला घास घेतला, मिठाचा डबा ओढला आणि वरून मीठ घातलं. वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मी डबा उचलून ओट्यावर ठेवला, आणि पेपरात काय आलं होतं ते विचारलं.

आज गुरुवार. तिला अजून सांगायचं आहे.