बॅटरीवरचा काठ

त्या उन्हाळ्यात नागपुरात दुपारची लाईन रोज जायची आणि मी रोज वडिलांवर चिडायचो. लाईन काही ते घालवत नव्हते, पण घरात निमूटपणे ऐकून घेणारं दुसरं कोणी नव्हतं. आईवर चिडायची सोय नव्हती, ती उलट ऐकवायची.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. आम्ही विणकर. आमच्या घराण्याचा एक काठ होता, आजोबांनी वडिलांना शिकवलेला, आणि नागपूर-उमरेडकडे तो विणणारं वडिलांखेरीज कोणी उरलं नव्हतं. माग मोडून त्याची लाकडं चुलीत गेली होती. मी एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत चिकटलो होतो. आईच्या लग्नातलं तेवढं एक त्या काठाचं लुगडं, तेही विरून त्याची पोतेरी झाली. मग वडिलांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं हळू झालं, पण काठ तोंडपाठ राहिला. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, दुसरा झटका आला तर वाचा जाईल. तो येण्याआधी काठ उतरवून घ्यायचा होता.

वडील बोलायचे, "तीन घे, एक सोड, पाच घे." म्हणजे धोट्याच्या त्या फेरीला कोणते दोरे उचलायचे आणि कोणते खाली ठेवायचे. अशा शंभरावर ओळी. पण विणकराचा काठ मधून सुरू होत नाही. खाटेवर पडल्या पडल्या ते चांगला होता तो डावा पाय मागावर बसल्यासारखा हलवत आणि सलग बोलत. अडवलं की पुन्हा पहिली ओळ. "बाबा, विसावी सांगा," म्हटलं की बावचळून माझ्याकडे बघत. त्यांना काठ येत होता, विसावी ओळ येत नव्हती.

कोणत्याही शहाण्या माणसाने हे वहीत उतरवून घेतलं असतं. पण माझ्याकडे कॉम्प्युटर होता. आखातातून परतलेल्या एका ओळखीच्या माणसाकडून घेतलेला, छोट्या टीव्हीला जोडायचा, आणि टाइप केलेलं सगळं टेप रेकॉर्डरच्या कॅसेटवर साठवायचं. अख्ख्या मोहल्ल्यात असलं यंत्र माझ्याकडेच, आणि मला त्याची चांगलीच मस्ती चढली होती. वडील बोलतील, मी आकडे दाबीन आणि पडद्यावर काठाचं चित्र उमटेल, असा माझा बेत होता. अर्ध्यात थांबून साठवावं तर कॅसेटला चार-पाच मिनिटं लागत आणि वडिलांना थांबवता येत नसे. काठ एका दमात पुरा व्हायला हवा होता.

सकाळी माझं कॉलेज असायचं आणि संध्याकाळी वडिलांना ग्लानी यायची. उरली दुपार, आणि दुपारी लाईन जायची. पंखा घरघरत थांबायचा, पडद्यावरचा काठ ठिपका होऊन विझायचा, दोरे घेऊन-सोडून चाळिसाव्या ओळीवर आलेले वडील एकटेच पुढे बोलत राहायचे. मी टेबलावर मूठ आपटायचो.

"काहून गा, पुन्हा गेली का?" ते विचारायचे. "जाऊ दे. पुन्हा लावू."

आई म्हणाली, "वहीत लिहून घे ना तवरक. ते बोलून राहिले अन् तू नुसता खटखट करून राहिला."

"तुले नाही समजत वं आई त्यातलं," मी म्हणालो. हे वाक्य मला आजही झोपू देत नाही.

मग मी बॅटरीच्या मागे लागलो. नरखेडला मेहुण्याच्या ट्रॅक्टरची जुनी बॅटरी पडून होती, ती पोत्यात घालून एसटीने आणली. वाटेत ॲसिड सांडून माझ्या पँटला भोकं पडली आणि कंडक्टरने माझा उद्धार केला. इतवारीतल्या रेडिओवाल्याने चार्जर बनवून दिला. टीव्ही बॅटरीवर सरळ चालायचा, कॉम्प्युटरसाठी विजेचा दाब कमी करणारा जोड मी कॉलेजात बसून तयार केला. या सगळ्यात तीन आठवडे गेले. तीन आठवडे वडील खाटेवर पडून होते, त्यांना बोलता येत होतं आणि मी त्यांना एक ओळ विचारली नाही. यंत्र तयार नव्हतं ना!

ज्या दुपारी सगळं जुळलं त्या दुपारीही लाईन गेली. पंखा थांबला. टीव्ही चालू राहिला. शेजारचे काका दारात येऊन उभे राहिले.

"लाईन नाही अन् टीव्ही कसा चालून राहिला गा?"

मी फक्त हसलो. वडील घामाने निथळत बोलत होते, आई ओल्या टॉवेलने त्यांचं कपाळ पुसत होती आणि पडद्यावर काठ ओळीओळीने चढत होता. शेवटची ओळ झाली तेव्हा त्यांनी पाय थांबवला. "झाला पुरा," म्हणाले आणि पडद्याकडे बघत राहिले. इतकं सुख मला त्याआधी झालं नव्हतं. मी कॅसेट घातली, टेप रेकॉर्डर त्याच्या सेलवर टाकला आणि काठ साठवला. बरोबर उतरलाय का ते तपासून बघायला हवं होतं. पण बॅटरी मलूल झाली होती, चित्र आक्रसत होतं आणि काका माझी पाठ थोपटत होते.

आठवड्याने दुसरा झटका आला. वाचा गेली. पावसाळ्याआधी वडील गेले.

तेरवीनंतर मी कॅसेट लावली. कॉम्प्युटरने ती घेतली नाही. पुन्हा लावली. हेड साफ केलं, स्क्रू फिरवून पाहिले, रोज कॉलेजातून आलो की तेच. मग एकदा रेकॉर्डरचे सेल काढून पाहिले आणि सारं उमगलं. महिनोन्‌महिने गाणी ऐकून ते सेल संपत आले होते. सगळं मी बॅटरीवर घेतलं होतं, टेप रेकॉर्डर तेवढा राहिला. त्या दुपारी टेप रखडत फिरली आणि काठ कुठे भरभर, कुठे संथ असा वेडावाकडा उतरला. तो आता कोणालाच वाचता येणार नव्हता.

तरीही मी लावत राहिलो. आई रोज भिंतीला टेकून बसायची. मला वाटायचं, माझ्या सोबतीला बसते. स्पीकरमधून साठवलेल्या आकड्यांची कर्कश किर्र निघायची, थांबायची, आणि आई तशीच बसलेली असायची. एक दिवस किर्र थांबल्यावर तिने विचारलं, "हे झालं की मग येते का त्यायचा आवाज?"

"कोणता आवाज?"

"तुया बापाचा. इतके दिवस बोलले ना ते त्याच्यापुढं. मले वाटलं तू टेपात भरून राहिला. म्हणून तर मी वहीचं नाव सोडलं."

टेप रेकॉर्डर तीन महिने त्यांच्या उशाशी होता. त्याला माइक होता. तांबडं बटण दाबलं असतं तर काठही राहिला असता आणि तेही. ते बटण मी कॉम्प्युटरखेरीज कोणासाठी दाबलं नाही.

"दुसऱ्या बाजूले असंल," आई म्हणाली. "पाहय ना लावून."

मी कॅसेट उलटी करून लावली. ती बाजू कोरी होती, मला माहीत होतं. आम्ही दोघं ती संपेपर्यंत ऐकत बसलो.