कॅमेऱ्यावरचा लाल स्टिकर

मोबाइलचं स्टोरेज भरलं की तो निदान सांगतो तरी. आमच्या चार नंबर बसमध्ये किस्से कधी भरले ते कळलंच नाही! मी आणि स्टोअरच्या सुरेखाताई संत तुकाराम नगरला चढतो, मेंटेनन्सचे शिंदे भाऊ दिघीला. महाळुंग्याला कंपनीच्या गेटवर सगळे उतरतो. जाऊन-येऊन तीन तास. तेवढ्यात कुणीतरी मोबाइलवरची एखादी बातमी मोठ्यांदा वाचतं आणि मग ज्याचं त्याचं मत सुरू.

त्यात माझं काम ठरलेलं. मी दचकते.

*

एकदा बातमी होती की मोबाइल म्हणे आपलं बोलणं ऐकतो आणि त्याप्रमाणे जाहिराती दाखवतो. मी लगेच माझा मोबाइल डब्याच्या पिशवीत, पोळ्यांच्या खाली घातला.

शिंदे भाऊ म्हणाले, "मॅडम, घाबरता काय? टेस्ट घेऊ की राव!"

आठ दिवस ते रोज मोबाइल तोंडासमोर धरून "प्रमोशन पाहिजे, प्रमोशन पाहिजे" म्हणत होते. ड्रायव्हरसुद्धा आरशातून बघायचा. नवव्या दिवशी जाहिरात आली. गुडघेदुखीच्या तेलाची!

"बघा, काही ऐकत नाही," मी सुटकेचा निःश्वास सोडला.

सुरेखाताई शांतपणे म्हणाल्या, "ऐकतोय गं. साहेबांच्या केबिनबाहेर उभं राहून राहून काय दुखणार, ते पण कळलंय त्याला!"

*

आमच्यात एक सिनेमा-मालिकांचं अ‍ॅप आहे. खातं सुरेखाताईंच्या नावावर, पासवर्ड सगळ्या बसकडे. एकदा त्या अ‍ॅपने जाहीर केलं की आता खातं फक्त एकाच घरातल्यांनी वापरायचं. मला रात्री झोप नाही. सकाळी बसमध्ये चढल्या चढल्या म्हटलं, "ताई, आपण गुन्हेगार आहोत."

दिघी मागे पडली आणि त्यांच्याच मोबाइलवर प्रश्न झळकला : हे सर्व प्रेक्षक तुमच्या घरातील आहेत का?

ताईंनी पूर्ण बसवर एक नजर फिरवली. शिंदे भाऊ मागे पाय पसरून घोरत होते, कुणी मटार सोलत होतं, कुणी कुणाच्या तरी डब्यातलं लोणचं चाखत होतं.

"रोज तीन तास एकत्र असतो. मी जागी असताना माझा नवरासुद्धा एवढा वेळ माझ्याजवळ नसतो," ताई म्हणाल्या आणि 'होय' दाबलं.

*

आता स्टिकरचं सांगते. कंपनीच्या आत फोटो काढायला सक्त मनाई. म्हणून गेटवर प्रत्येकाच्या मोबाइलच्या दोन्ही कॅमेऱ्यांवर लाल स्टिकर लावतात आणि सुटताना ते जागेवर आहेत ना बघून काढतात. एका ऑपरेटरने मशिनसमोर सेल्फी घेतला होता. संध्याकाळी त्याच्या हातात घरी जायचं पत्र होतं. मी क्वालिटी लॅबमध्ये ट्रेनी. कन्फर्मेशन झालं की आईला कळंबहून इकडे आणायचं, एवढा एकच माझा प्लॅन. त्यामुळे त्या स्टिकरला मी दिवसातून दहा वेळा हात लावून बघते.

स्टिकर लावतात बबनमामा. महाळुंग्याचेच, गेटवरचे जुने सिक्युरिटी गार्ड.

कॅमेरा हॅक होतो अशी एक बातमी वाचल्यावर मी त्यांना म्हटलं, "मामा, पुढचा स्टिकर राहू द्या. घरी पण बरा."

मामा म्हणाले, "का गं पोरी, घरी बी कंपनी हाय व्हय?"

त्याच संध्याकाळी आईचा व्हिडिओ कॉल आला. तिला समोर नुसता काळोख! मी प्रायव्हसी, हॅकिंग सगळं नीट समजावलं. आई "बरं बरं" म्हणाली. तिसऱ्या दिवशी माझा चुलतभाऊ दारात उभा. हातात पिशवी, पिशवीत बॅटरी आणि मेणबत्त्यांचा पुडा.

"काकू म्हणाली, ती सांगत नाही, पण तिच्या खोलीत लाइट नाहीये."

*

हजेरीसाठी चेहरा ओळखणारं मशीन आलं तेव्हा पहिला बळी गेला शिंदे भाऊंचा. ते तिरुपतीहून गुळगुळीत डोकं घेऊन परतले. मशीनसमोर उभे राहिले. मशीनमधली बाई गोड आवाजात म्हणाली, "ओळख पटली नाही. पुन्हा प्रयत्न करा."

हसून बघितलं, चष्मा काढून बघितलं, वाकून बघितलं. "ओळख पटली नाही."

बबनमामा मशीनला म्हणाले, "आगं बाई, शिंदेच हाय त्यो! मी रोज बघतो त्याला!"

तीन दिवस भाऊंची हजेरी लागेना. एचआरला अर्ज दिला, एचआरने पुण्याच्या ऑफिसला ईमेल केला. चौथ्या दिवशी भाऊ वैतागले. त्यांनी गळ्यातलं ओळखपत्र काढलं आणि त्यावरचा जुना, केस असलेला फोटो मशीनसमोर धरला.

"धन्यवाद, शिंदे!"

भाऊ आमच्याकडे वळून म्हणाले, "माणूस चालत नाही, फोटो चालतोय! उद्यापासून याला पाठवतो, मी घरी झोपतो!"

*

मग गार्ड लोकांसाठी एक अ‍ॅप आलं. बाकीच्यांनी 'मी सहमत आहे' दाबलं आणि कामाला लागले. बबनमामा चष्मा लावून त्यातल्या अटी वाचत बसले. एक दिवस झाला, दुसरा झाला. एका ओळीवर बोट ठेवायचे, ओठ हलवायचे, गाडी आली की उठून गेट उघडायचे, परत तीच ओळ.

शेवटी एचआरच्या मॅडम स्वतः गेटवर आल्या. आमची बस नेमकी तेव्हाच लागलेली, म्हणून हे सगळं आमच्यासमोर घडलं.

"मामा, खालचं बटण दाबा फक्त. हे कोणी वाचत नाही हो!"

मामा म्हणाले, "मॅडम, मागं बी एकानं असंच सांगितलं व्हतं. वाचून काय करताय मामा, खाली सही करा. केली. आता त्याच रानात बिल्ला लावून हुबा हाय."

मामांनी मोबाइल पुढे केला. "आन ह्ये बगा. मी रजेवर आसताना बी कुठं हाय त्ये ह्याला कळनार म्हनं. कशापायी?"

मॅडमनी ती ओळ पहिल्यांदाच वाचली. ती बदलून येईपर्यंत मामांनी बटण दाबलं नाही. त्या दिवसापासून अ‍ॅपची कुठलीही परवानगी देण्याआधी मी मामांना विचारते. माझं शिक्षण बी.एस्सी., मामांचं सातवी!

बसमध्ये मी सुरेखाताईंना विचारलं, "मामांचं रान नक्की कुठे होतं?"

"तुझ्या लॅबच्या मागे," ताई म्हणाल्या. "विहीर आहे ना, तिकडे. पण गेटच्या ड्यूटीवाल्याला आत जायची परवानगी नाही."

*

हा शेवटचा. बसमध्ये मी अजून कुणाला सांगितलेला नाही.

गेल्या महिन्यात एका दुपारी उकाड्याने माझ्या मोबाइलचं कव्हर घामेजलं आणि मागच्या कॅमेऱ्यावरचा स्टिकर आपोआप निघून हातात आला. मी लॅबच्या मागच्या दारात उभी होते. समोर विहीर, विहिरीवर वाकलेलं बाभळीचं झाड आणि झाडाला सुगरणीचे खोपे. सात-आठ तरी. एक पक्षी उलटा लटकून विणत होता. आईला खोपे फार आवडतात. आयुष्यात कधीच न केलेली गोष्ट मी केली. एक फोटो काढला.

मग स्टिकर परत चिकटवला, तो पडला. थुंकी लावली, पडला. साडेपाचला गेटवर आले तेव्हा तो मुठीत होता.

मामांनी मोबाइल उलटा केला. मग माझ्याकडे बघितलं.

"मामा, तो आपोआप निघाला," मी म्हटलं आणि पुढचं सगळं एका दमात सांगून टाकलं. फोटो, खोपे, आई, कन्फर्मेशन. बस हॉर्न देत होती.

"बगू," मामा म्हणाले. लगेच थांबले. "बगू का?"

मी फोटो उघडून दिला. मामांनी चष्मा लावला. दोन बोटांनी फोटो मोठा केला. आधी खोपे, मग बाभूळ, मग खाली विहिरीच्या दगडी पायऱ्या. पायऱ्यांवर बोट थांबलं ते हलेनाच. मागून शिंदे भाऊ ओरडले, "मॅडम, चला की! घरदार हाय का नाही?"

"काढून टाक पोरी," मामा म्हणाले. "तुझी नोकरी हाय."

मी डिलीट केला.

"ट्रॅशमधनं बी."

मी ट्रॅश उघडलं. तिथे परत पायऱ्या, परत बाभूळ. मी बटण दाबलं तशी पाटी आली. मी पुढचं दाबणार, तोच मामांनी माझा हात धरला. "थांब. वाचू दी."

त्यांनी ओळीवर बोट ठेवून वाचलं, "हा फोटो... कायमचा... काढून टाकला जाईल. नंतर परत... मिळवता येणार नाही. नक्की काढायचा?"

चष्मा काढून शर्टाला पुसला, परत लावला.

"मोबाइल बरा हाय," ते म्हणाले. "दोनदा इचारतो तरी."

आणि बटण त्यांनी स्वतःच्या बोटाने दाबलं. मग माझ्या मुठीतला स्टिकर मागून घेतला, गेटवरची वही उघडली आणि एकेक अक्षर कोरत लिहिलं :

'स्टिकर उकाड्याने निघाला. तपासले. फोटो : निरंक.'