शेंदूर कुठे टाकलास?

नोकरीतली बरीच प्रकरणे आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. हे एक तेवढे वेगळे राहिले आहे, आणि आठवले की बरे वाटत नाही.

ऐंशीच्या दशकात मी मुलुंडला उपनिरीक्षक होतो. डोंगराच्या पायथ्याच्या पाड्यावरून एक म्हातारी तक्रार घेऊन आली. पाड्याची देवी चोरीला गेली होती.

"अंगावर दागिने काय होते?" ठाणे अंमलदाराने विचारले.

"दागिने कुठले? रुप्याचे दोन डोळे."

"म्हणजे दगड गेला."

"तुझी आई गेली तर हाडं गेली म्हणशील का रे?"

अंमलदाराने तक्रार लिहून घेतली. म्हातारीला घाई होती. सुनेला नुकतीच मुलगी झाली होती. बाळाला देवीपुढे जमिनीवर ठेवायचे, देवीचा शेंदूर त्याच्या बेंबीला लावायचा, मग नाव मोठ्याने पुकारायचे, अशी पाड्याची रीत. देवी नाही, म्हणून मुलीला नाव नाही.

बरेच दिवस काही हाती लागले नाही. मग एका खबऱ्याने निरोप आणला. "साहेब, अंधेरीत एक जण देवाला रॉकेलने आंघोळ घालतोय."

अंधेरी पोलिसांना बरोबर घेऊन आम्ही पंचांसमक्ष त्या दुकानावर छापा घातला. जुन्या वस्तूंचा व्यापारी होता. मागच्या खोलीत गुडघ्याएवढा काळा दगड पोत्याखाली सापडला. त्यावर टोचून टोचून बाईचे अंग काढलेले होते. रुंद कंबर, स्तन, पण चेहरा नाही. रॉकेलचा वास येत होता आणि शेंदराचा मागमूस नव्हता.

"पाटा आहे साहेब," व्यापारी म्हणाला. "घेऊन जा, वहिनींना चटणी वाटायला होईल." नंतर ठाण्यात आल्यावर तो म्हणू लागला की दगड परराज्यातून रीतसर विकत आणला आहे.

ओळख पटवायला म्हातारीला बोलावले. तिने दगडाभोवती एक फेरी मारली आणि तोंड फिरवले.

"ही कोण उघडी बाई? ही आमची नाय."

"नीट बघा, आजी."

"नीटच बघितली. आमच्या आईला डोळे हायेत."

पाड्यावरच्या कोणीच देवीला शेंदराशिवाय पाहिले नव्हते. कित्येक पिढ्यांचे थर चढून तिचा चेहरा तयार झाला होता, आणि तो चेहरा दगडाला नव्हताच. फिर्यादीनेच वस्तू नाकारली, तर कोर्ट ती व्यापाऱ्याला परत देणार हे उघड होते.

व्यापाऱ्याकडे दगड साफ करणारा एक कारागीर होता. दगड कुठून आला, कोणी आणला, कोणत्या गाडीतून आणला, सगळे विचारून झाले. "मालकाला विचारा" यापलीकडे तो जाईना. आम्ही कंटाळलो. माझा हवालदार मालवणचा, बाप गिरणीत होता. तो चहा पिता पिता सहज म्हणाला, "काय रे, देवीचो शेंदूर खंय टाकलंस? गटारात?"

कारागीर चटकन म्हणाला, "गटारात कसा टाकीन? मला पोरंबाळं आहेत!"

आपण काय बोलून बसलो ते त्याच्या लक्षात आले. मग त्याला रडू फुटले. मालकाने गटारात टाकायला सांगितले होते, पण हात धजावला नाही. पुढे कधीतरी पाण्यात सोडायचे ठरवून त्याने शेंदराचे सगळे तुकडे लाल फडक्यात बांधून पिंपळाच्या पारावर ठेवले होते. चोरी करणारी माणसे मी पुष्कळ पाहिली. माल लपवायला भीत नाहीत, पण देवाची वस्तू कचऱ्यात टाकताना थांबतात.

पारावर लोकांनी आणून ठेवलेल्या देवांच्या फुटक्या तसबिरी होत्या. त्यांच्यामागे गाठोडे जसेच्या तसे होते. शेंदराचे जाड कवच चार मोठ्या तुकड्यांत सुटले होते. एका तुकड्यावर रुप्याचा डोळा अजून होता, दुसरा सुटून फडक्यात पडला होता. आतल्या बाजूला दगडावरच्या टोचण्यांचे ठसे उमटले होते. पंचांसमक्ष तुकडा दगडावर ठेवला, तो झाकणासारखा बसला.

म्हातारीने तो डोळा पाहिला, पदर डोक्यावर घेतला आणि ठाण्याच्या फरशीवर बसून राहिली. मग म्हणाली, "आता दे."

"जबाबावर अंगठा द्या, आजी. लवकर मिळेल."

मुद्देमाल खटल्यात अडकला की काय होते, हे मला माहीत होते. तरीही मी 'लवकर' म्हणालो. आम्ही तो शब्द येणाऱ्या प्रत्येकाला देत असू.

पुरातत्त्वाच्या एक तज्ज्ञ बाई येऊन दगड पाहून गेल्या. लोखंड माहीत होण्याआधीचे काम आहे, दगडाने दगड टोचून केलेले, असे त्यांनी सांगितले. ही बाळंतपणाची देवी असावी, असा त्यांचा अंदाज होता. म्हातारीकडून त्यांनी बाळाची रीत विचारून वहीत उतरवून घेतली. "तीच रीत तेव्हापासून चालत आली, असं मी म्हणू शकत नाही," त्या म्हणाल्या. "नाही असंही म्हणवत नाही." त्यांच्या अहवालानंतर दगड पुरावस्तू ठरला. म्हणजे सरकारचा झाला.

खटला चालत राहिला. म्हातारी तारखेला येई. नात आधी कडेवर असे, मग बोट धरून चालू लागली. म्हातारी तिला नुसते 'बाय' म्हणे.

"काय रे साहेबा, तुझं लवकर अजून उजाडलं नाय?"

मी पोरीला बिस्किटे देई.

शेवटी व्यापाऱ्याला शिक्षा झाली. दगड संग्रहालयात गेला. शेंदूर फिर्यादीला द्यावा असा हुकूम झाला, तेव्हा तो मी स्वतः पाड्यावर नेला. मुद्देमालाच्या खोलीतल्या ओलीने त्याचा बराचसा भुगा झाला होता. म्हातारीने मला एका शब्दाने बोल लावला नाही. डोंगरातला नवा धोंडा मांडला होता, त्यावर तो भुगा तेलात कालवून लावला. रुप्याचे डोळे बसवले. पोरीला पुढे बसवून बेंबीला शेंदूर लावला आणि सगळ्यांनी तिचे नाव मोठ्याने पुकारले.

पोर खेळत राहिली. पुन्हा पुकारले. तिने मान वर केली नाही.

"बाय," म्हातारी हळूच म्हणाली, तेव्हा ती वळली.

त्यानंतर मी फिर्यादींना आधीच सांगू लागलो की वस्तू परत मिळायला वर्षे लागतील. वरिष्ठ चिडत. ते ऐकून काही माणसे तक्रार न देताच उठून गेली. मी खरे बोललो म्हणून त्यांच्या चोऱ्यांचा तपास कधी झालाच नाही. तेही माझ्याच खात्यावर आहे.