उपरण्याखालची गिरणी

आमच्या चुलत सासऱ्यांना जगातल्या कुठल्याही वस्तूची किंमत ती चालवून पाहिल्याशिवाय कळत नसे, आणि त्यांनी एकदा चालवून पाहिली की दुसऱ्या कोणी तिची किंमत सांगायची गरज उरत नसे. घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात ते दलाल होते. एसटीत चढण्याआधी तिच्या कुशीवर थाप मारत. मला पाहायला आले तेव्हा म्हणाले, "जावईबापू, आडावरनं जरा पानी आना." मला वाटलं, तहान लागली असेल. पुढे कळलं, ते माझी चाल पाहत होते. "पाय चांगलं हायेत," असं त्यांनी सासऱ्यांना सांगितलं, "बाकी सवयीनं सुधारंल."

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी माझ्या मेहुण्याला नागापूरला कारखान्यात नोकरी लागली. आमची पिठाची गिरणी निम्म्या भागीची होती. त्याचा निम्मा हिस्सा मी घ्यायचा हे ठरलं, पण भाव काही ठरेना. मी म्हणे यंत्र जुनं, तो म्हणे गिऱ्हाईक पक्कं. अखेर आमचं बोलणंच बंद झालं. गिरणी कोणाचीही होवो, माझा भाऊ तेवढा जाऊ देऊ नका, असं बायको म्हणाली. मग तिच्या या काकांना, म्हणजे आमच्या चुलत सासऱ्यांना, बोलावलं.

काकांनी गिरणीच्या तोंडात हात घालून बैलाचे दात पाहावेत तसा दगड चाचपला. मग इंजिन सुरू करायला लावलं, पुन्हा बंद करायला लावलं. "जित्राब वयात आलंय, पन खोड न्हाई," म्हणाले. आता भाव. तो त्यांच्या बाजारात तोंडाने बोलत नाहीत, कापडाखाली हातात हात घेऊन बोटं दाबून सांगतात. बोललेला भाव गिळता येत नाही, असं काकांचं म्हणणं. ते आमच्या मध्ये बसले, हातांवर उपरणं पसरलं आणि त्याखाली एका हातात माझा हात घेतला, दुसऱ्यात त्याचा. एकाचं म्हणणं दुसऱ्याला तेच पोचवणार होते.

आम्ही दोघं दोन दिशांना तोंडं करून बसलो. मी बोटं दाबत होतो, पलीकडून उत्तर येत होतं, घासाघीस रंगात आली होती. सहज वळून पाहिलं, तर काका दोन्ही हातांनी निवांत तंबाखू मळत होते.

त्याच वेळी मेहुण्यानेही पाहिलं. हात मात्र कोणी काढला नाही. मी एक बोट वाढवलं. त्याने ते हळूच मिटवलं. मी पुन्हा वाढवलं, त्याने पुन्हा मिटवलं.

"झाला का सौदा?" काकांनी विचारलं.

"व्हय," मेहुणा म्हणाला.

काकांनी उपरणं झटकून खांद्यावर टाकलं आणि दलाली म्हणून पायलीभर बाजरी फुकट दळून घेतली. आता ते नाहीत. घरात कुणाशी बिनसलं की वाटतं, कुणीतरी आपला हात त्याच्या हातात द्यावा आणि गुपचूप बाजूला व्हावं. तसा माणूस मला पुन्हा भेटला नाही.