उसना शुक्रवार

गेल्या शुक्रवारी संध्याकाळी आम्ही तिघं शिरगावच्या समुद्रावर होतो. दर शुक्रवारी असतो.

बोईसरच्या कारखान्यांना शुक्रवारी सुट्टी असते. आम्हा फ्रीलान्सवाल्यांना सुट्टीचा असा वारच नसतो... म्हणून आम्ही कारखान्यांचा शुक्रवार उसना घेतला. मी मशीनच्या माहितीपुस्तकांची भाषांतरं करतो, हेमंत कंपन्यांना पाइपलाइनची ड्रॉइंग्ज काढून देतो आणि पालघरची पल्लवी लग्नाचे व्हिडिओ एडिट करते.

नियम दोनच. सुरूच्या झाडांखाली पोचलो की तिघांचे फोन माझ्या स्कूटरच्या डिकीत, आणि कामाचा विषय काढायचा नाही. मग किनाऱ्यावर चालायचं, जुन्या गाण्यांवरून भांडायचं, भजी खायची.

डिकीतून फोन वाजला तर तो बहुतेक हेमंतचाच. एकदा वाजून थांबायचा नाही, पुन्हा वाजायचा.

"काका, तुमचे क्लायंट फार लाडावलेत," पल्लवी म्हणायची.

"वाजू दे गं. शुक्रवारी मी मेलो असं समजायचं त्यांनी."

मला त्याचा थोडा हेवाच वाटायचा. माझा फोन अगदी गप्प असायचा.

त्या दिवशी ते दोघं पाण्यापर्यंत चालत गेले. माझा गुडघा दुखत होता, म्हणून मी भजीच्या गाडीपाशी बसून राहिलो. शेजारी उभ्या केलेल्या स्कूटरची डिकी वाजायला लागली... थांबली... पुन्हा सुरू.

गाडीवरच्या मावशी झारा हलवत म्हणाल्या, "अवो, कवाचा वाजतोय. घरी कोन आजारी तर नाय ना? बगा तरी."

हेमंतची आई थकलेली आहे, हे मला माहीत होतं. मी डिकी उघडली.

स्क्रीनवर नाव नव्हतं, नंबर नव्हता. अलार्म होता. रिंगटोन लावून ठेवलेला अलार्म... थोड्या थोड्या वेळाने पुन्हा वाजणारा.

मी बंद केला असता तर त्याला कळलं असतं. फोन होता तसा ठेवला आणि डिकी लावून टाकली. आत तो वाजतच होता.

ते परत आले तेव्हा मी काही बोलणार नव्हतो. पण मावशींनीच सांगून टाकलं, "वाजत व्हता तुमचा. यांनी बगितला."

"कोण होतं?" पल्लवीने विचारलं.

"पुण्याचा कोणीतरी," मी म्हणालो. "कट झाला."

इतक्या वर्षांत क्लायंटना कितीतरी सबबी सांगितल्या असतील, पण इतकं वाईट खोटं कधी बोललो नव्हतो. हेमंतने माझ्याकडे एकदाच पाहिलं. "हं... लावतो नंतर," म्हणाला. भजीला हात लावला नाही. पल्लवीने त्याच्याही वाटची खाल्ली आणि हसत हसत घरी गेली.

हेमंत येताजाता माझ्या मागे बसतो. पालघर सुटलं, बोईसरच्या रस्त्याला लागलो, तेव्हा मागून आवाज आला.

"पावसाळा संपल्यापासून एक ड्रॉइंग नाही. कंपनीने सगळं काम हेड ऑफिसला नेलं."

मी गाडी हळू केली. "वहिनींना माहीत आहे?"

"तिला आहे. आईला नाही." मग म्हणाला, "तुम्ही दोघं त्या डिकीकडे बघून वैतागायचात ना, तेवढा वेळ मलाही वाटायचं, कोणीतरी शोधतंय आपल्याला."

"अरे, आम्हाला सांगायचंस. शुक्रवारी तरी..."

"शुक्रवारचं काही नाही रे. शुक्रवारी अख्खं बोईसर घरी असतं, मी त्यांच्यातलाच एक. शनिवारी सकाळी सगळे डबे घेऊन निघतात. तेव्हा मी कुठे जाऊ, ते सांग."

एमआयडीसीचा वास यायला लागला तरी मी गाडी हळूच चालवत होतो.

घरापाशी उतरताना तो म्हणाला, "आता मी यायचो नाही. पल्लवीला काहीतरी सांग."

शनिवारी सकाळी मी लॅपटॉप घेऊन त्याच्या दारात उभा राहिलो. म्हटलं, "आमच्या वरच्या मजल्यावर टाइल्स फोडतायत. इथे बसू देतोस?"

"हे दुसरं खोटं," तो म्हणाला. "कालच्यापेक्षा बरं जमलंय." आणि दारातून बाजूला झाला.

टेबलाच्या एका कडेला मी पंपाच्या माहितीपुस्तकाचं भाषांतर करत बसलो. बऱ्याच वेळाने त्यानेही कॉम्प्युटर चालू केला. एका टाकीचं ड्रॉइंग होतं... कोणीही न मागितलेलं. आतून आईंचा आवाज आला, "अरे, काम चाललंय ना? चहा ठेवते." आम्ही दोघांनीही मान खाली घातली.

काम फार आहे म्हणून आपल्याला आराम मिळत नाही, असं मी नेहमी म्हणत आलो. काम नसलेल्या माणसाला सुट्टीसुद्धा मिळत नाही, हे त्या टेबलावर कळलं. समुद्र तोच, भजी तीच... त्याला मात्र त्यातलं काहीच अंगी लागत नव्हतं.

सोमवारी गेलो, काल गेलो, आजही गेलो. त्याला नवं काम मिळालेलं नाही. मीही इकडेतिकडे शब्द टाकलाय, अजून कुठून काही आलेलं नाही.

हे त्याला विचारून लिहितोय, नावं बदलून. पल्लवीला त्याने स्वतःच फोन करून सांगितलं.

उद्या शुक्रवार. तो येईल की नाही, माहीत नाही. मी विचारलेलं नाही. आज निघताना त्याने एवढंच विचारलं, "शनिवारी येणार आहेस ना? दुसरी खुर्ची काढून ठेवतो. हिच्यावर तुझी कंबर धरते."