बुधवारचं दुखणं

मास्तरीणबाईंच्या हातून माप चुकलंय असं कुणी ऐकलं नव्हतं. शिवणकाम शिकवत म्हणून मास्तरीणबाई; निम्म्या गल्लीचे कपडे त्यांच्या शिलाई मशीनखालून गेलेले. गळ्यातला टेप त्या स्वयंपाक करतानाही काढत नसत. अकरा वर्षांच्या गुंडीला, त्यांच्या कुत्रीला, यकृताचं दुखणं निघालं तेव्हा त्या घाबरल्या, पण हातपाय गाळले नाहीत. डॉक्टरांनी समजावलं होतं की रक्त यकृताला वळसा घालून जातं, त्यातलं विष तसंच मेंदूपर्यंत पोचतं. या वयात ऑपरेशन झेपायचं नाही. मांस बंद, थोडं थोडं चारदा खाणं आणि वेळच्या वेळी औषध. झालं. काचेच्या वाटीवर बाहेरून खडूची रेघ पडली आणि त्या रेघेपुढे भाताचं शीतही गेलं नाही.

तरी दर बुधवारी संध्याकाळी गुंडी भिंतीला डोकं टेकवून उभी राहायची. लाळ गळायची, हाकेला ओ नाही. बुधवारी दुपारी मास्तरीणबाई शिवलेले कपडे दुकानात पोचवायला जात. मी नसते म्हणून जिवाला लावून घेते, असं त्यांना वाटे. डॉक्टर म्हणाले, दुखणं बळावतंय, असंच चाललं तर तिला कायमचं झोपवण्याचा विचार करावा लागेल.

"माझंच कुठंतरी चुकत असणार," त्या रडत म्हणाल्या होत्या. दवाखान्यातल्या टेबलावर गुंडीला धरून उभे असलेले त्यांचे यजमान, निवृत्त कंडक्टर, तेव्हा खाली बघत होते.

मग एका गुरुवारी ठिगळासाठी त्यांनी चिंध्यांचं बोचकं उपसलं. निळ्या पट्ट्यांच्या पडद्याचा तुकडा हाताला तेलकट लागला. नाकाशी नेला तर मटणाचा वास. तो पडदा त्यांनी कालच, बुधवारी सकाळी बेतला होता, आणि घरात मटण शिजून वर्ष उलटलं होतं.

तुकडा त्यांनी यजमानांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवला.

यजमानांनी कप बाजूला सारला. मग ते बोलले, "दिवसभर तुझ्या मशीनपाशी पडलेली असायची. माझ्याकडं ढुंकून बघायची नाही. एकदा कोपऱ्यावरच्या खानावळीतून मटण चिंधीत गुंडाळून खिशातून आणून दिलं, तर पायाशी येऊन बसली."

"आणि तिला कायमचं झोपवायची वेळ आली होती, तेव्हा?"

 सांगितलं असतं तर तू घर डोक्यावर घेतलं असतंस, असं काहीसं ते पुटपुटले.

मास्तरीणबाईंनी घर डोक्यावर घेतलं नाही. डॉक्टरांचा नंबर लावला आणि फोन यजमानांच्या हातात दिला. "तुम्हीच सांगा."

"डॉक्टर, तिनं बहुतेक बाहेर काहीतरी थोडंसं खाल्लं असावं..."

तीस वर्षांच्या संसारात त्या माणसाकडे त्यांनी असं कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी फोन काढून घेतला. "बाहेर नाही, घरात. दर बुधवारी, मटण. दुखणं बळावलेलं नाही, डॉक्टर. औषध तेच चालू ठेवू ना?"

पुढच्या बुधवारी कपड्यांची पिशवी एका खांद्याला आणि गुंडी दुसऱ्या काखेत घेऊन त्या निघाल्या. यजमान दारापर्यंत आले. पिशवी तरी दे म्हणाले. त्यांनी दिली नाही.

गुंडी मात्र रस्त्याच्या वळणापर्यंत मान मागे वळवून यजमानांच्या खिशाकडे बघत होती, आणि तिची शेपूट मास्तरीणबाईंच्या बरगडीवर आपटत होती.